पेठ तालुक्यातील दोन एकर आणि ६ जुलै १९७४

प्रश्न : माझे वय ५४ असून नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. चार वर्षांनी निवृत्त होईन. बँकेत ३४ लाखांच्या ठेवी आहेत, भविष्य निर्वाह निधी वेगळा आहे. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. निफाडकडच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर माझे नाव आहे. पेठ तालुक्यात, घाटापलीकडच्या एका आतल्या गावात, दोन एकर जिरायत जमीन २२ लाखांना मिळते आहे. एजंट सांगतो की जमीन वर्ग १ ची (म्हणजे विकण्यास शासनाची परवानगी न लागणारी) आहे, विक्रेता आदिवासी नाही, त्याच्या आजोबांनी ती सत्तरच्या दशकात गावातल्याच एकाकडून विकत घेतली, सोसायटीचे कर्ज फिटले आहे आणि विक्रेत्याच्या दोन्ही बहिणींची हरकत नाही. दसऱ्यापूर्वी पाच लाख रुपये रोख इसार द्यायचा आहे. सातबाऱ्याची प्रत सोबत जोडली आहे. ठेव मोडावी का?

उत्तर : आज ठेव मोडू नये आणि इसारही देऊ नये. जमीन घेऊच नका, असे मात्र मी म्हणणार नाही. निवृत्तीनंतर चार आंब्याची झाडे लावून मोकळ्या हवेत राहावे ही इच्छा मला पूर्ण समजते, आणि पेठकडची माती व पाऊस आंब्याला मानवतात, हेही खरे आहे. परंतु आपण पाठवलेली प्रत वाचल्यावर असे दिसते की या व्यवहारातील महत्त्वाच्या पाचही गोष्टी आपल्याला केवळ तोंडी सांगितल्या गेल्या आहेत, आणि त्यांपैकी एक गोष्ट चुकीची निघाली तर २२ लाखांची संपूर्ण रक्कम धोक्यात येते.

ती गोष्ट म्हणजे ‘सत्तरच्या दशकात’ हे दोन शब्द. पेठ तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तेथील बहुतेक खातेदार कोकणा, वारली, महादेव कोळी अशा अनुसूचित जमातींचे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार ६ जुलै १९७४ पासून आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीच्या बाबतीत ती परवानगी शासनाच्या मान्यतेशिवाय देता येत नाही. अशी परवानगी न घेता झालेला व्यवहार कायद्याने टिकत नाही आणि जमीन मूळ आदिवासी कुटुंबाकडे परत जाऊ शकते. त्याआधीचा काळही पूर्णपणे मोकळा नाही, कारण १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७५ साली वेगळा कायदा अमलात आला. म्हणजे विक्रेत्याच्या आजोबांनी खरेदी १९७२ साली केली की १९७६ साली, यावर सगळा प्रश्न वेगळे वळण घेतो. १९७६ ची खरेदी असेल आणि परवानगीचा आदेश नसेल तर आपण या जमिनीकडे पाहूसुद्धा नये. खरेदी १९७२ ची असेल तर त्या जमिनीबाबत परत देण्याचे प्रकरण चालले होते का, चालले असल्यास आदेश काय झाला, हे कागदावर पाहावे लागेल. आजोबांना जमीन देणारा माणूस आदिवासी नव्हताच, हे सिद्ध झाले तर ही चिंता संपते. मात्र आडनावावरून तसा निष्कर्ष कृपया काढू नये. पवार, जाधव, चौधरी ही आडनावे त्या भागात दोन्हीकडे आढळतात.

हे शोधायचे कसे, याची सुरुवात आपल्याच हातातल्या कागदावर आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर गाव नमुना सातच्या तळाशी ‘जुने फेरफार क्र.’ असे लिहून पुढे आकड्यांची एक रांग दिलेली असते. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. आपल्या प्रतीवर असे अकरा आकडे आहेत. त्यांतला सर्वांत लहान आकडा साधारणपणे सर्वांत जुन्या व्यवहाराचा असतो. त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागवावी, आणि सोबत १९५० च्या दशकापासूनचे हस्तलिखित सातबारेही मागवावेत. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव कंसात बंद केलेले असते आणि ज्या फेरफाराने ते कमी झाले त्याचा क्रमांक शेजारी गोल करून लिहिलेला असतो. एका कंसापासून पुढच्या फेरफाराकडे आणि तेथून त्याच्या मागच्या कंसाकडे, असे मागे मागे जात राहिले की जमिनीचा प्रवास समजतो. गावात जमिनीचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडणारी एकत्रीकरण योजना झालेली असेल तर आजचा गट क्रमांक त्या काळच्या कागदांत सापडणारच नाही. जुना सर्व्हे नंबर दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा आधी काढावा लागतो. हा एक उतारा न काढल्यामुळे वकिलाने चुकीच्या नंबराचा शोध घेतला आणि ‘बोजा (जमिनीवरील कर्जाचा भार) आढळला नाही’ असा अहवाल दिला, असे प्रकरण माझ्याकडे आलेले आहे.

वकील सहसा तीस वर्षांचा शोध घेतात. त्यामागे कारण आहे: मुदतीच्या कायद्यानुसार गहाण टाकलेली मिळकत सोडवून घेण्याचा दावा तीस वर्षांपर्यंत लावता येतो. नाशिक शहरातल्या सदनिकेसाठी हा शोध पुरेसा ठरतो, परंतु पेठमध्ये तीस वर्षे मागे गेले तरी आपण १९९० च्या दशकातच थांबतो आणि ज्या तारखेची धास्ती आहे ती त्याहून वीस वर्षे मागे राहते. म्हणून वकिलांना लेखी कळवावे की शोध १ एप्रिल १९५७ पर्यंत हवा आहे, आणि महसुली अभिलेख व दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदणीच्या सूची असा दोन्हीकडचा हवा आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर अलीकडच्या दस्तांची सूची घरबसल्या पाहता येते. संगणकाच्या आधीच्या काळासाठी वह्या उघडाव्या लागतात आणि त्यासाठी माणसाला प्रत्यक्ष जावे लागते. याच शोधात जमिनीवर ‘राखीव वन’ किंवा खाजगी वनाची नोंद कधी होती का हेही पाहून घ्यावे, कारण ३० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आलेल्या कायद्याने खाजगी वने शासनाकडे गेली आहेत. जमीन वनपट्ट्याची असेल तर प्रश्नच मिटतो. वनहक्काचा पट्टा वारसांकडे जातो, विकता येत नाही.

आता बोजाविषयी. एजंट कर्ज फिटले म्हणतो, परंतु आपल्या प्रतीवर इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा १,४०,००० रुपयांचा बोजा आजही उभा आहे. सोसायटीचा सभासद कर्ज घेताना जे घोषणापत्र देतो, त्याने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ नुसार जमिनीवर भार निर्माण होतो, आणि कर्ज पूर्ण फिटेपर्यंत केलेली विक्री त्याच कलमाने रद्दबातल ठरते. तेव्हा हा ‘नंतर कमी करून घेऊ’ म्हणण्याचा विषय नाही. कित्येकदा कर्ज खरोखर फिटलेले असते आणि केवळ नोंद कमी करायची राहिलेली असते. तसे असेल तर सोसायटीचा बेबाकी दाखला (काहीही येणे बाकी नसल्याचा दाखला) आणि बोजा कमी केल्याचा मंजूर फेरफार, हे दोन्ही कागद खरेदीखताच्या आधी हातात हवेत. केवळ दाखल्यावर विसंबू नये. याशिवाय बँकेकडे मूळ कागद ठेवून कर्ज घेतले असेल तर ते सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल झालेली असू शकते, तसेच केंद्र सरकारच्या सरसाई या गहाणांच्या नोंदवहीत थोड्या शुल्कात शोध घेता येतो. दोन्ही ठिकाणी विक्रेत्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या नावाने पाहावे.

सातबाऱ्यावर विक्रेत्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे आहेत, तिकडे आपले लक्ष गेले नसावे. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे विक्रेता ही जमीन कुटुंबाच्या वतीने धारण करतो आणि इतरांचे हिस्से तिच्यात असण्याची दाट शक्यता आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे. बहिणींची हरकत नाही हे भावाच्या तोंडून ऐकून चालणार नाही. एक तर त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेले असावे, किंवा त्यांनी स्वतः खरेदीखतावर विक्रेत्या म्हणून सही करावी आणि त्यांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. मला दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. बहिणीला तिचा पैसा मिळालेला असला की दहा वर्षांनी तिच्या मुलांना दावा लावण्याचे कारण उरत नाही, आणि तिच्यावर अन्यायही होत नाही.

शेतजमीन घेणारा शेतकरी असला पाहिजे, ही अट आपण निफाडच्या सातबाऱ्यावर पूर्ण करता. दोन एकर क्षेत्र असल्याने तुकडेबंदीची, म्हणजे फार लहान तुकडे विकण्यावरील बंदीची, अडचण दिसत नाही. गाडी जाण्याजोगी वाट नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर आहे, हे मोजणीच्या वेळी पाहून घ्यावे.

पैशाचा हिशेब असा. २२ लाखांवर मुद्रांक शुल्क, नोंदणी, मोजणी, कुंपण आणि पाण्याची सोय धरली तर खर्च २६ लाखांच्या आत राहणार नाही. ठेवींतून तेवढे काढल्यावर आठ लाख उरतात आणि मुलीची दोन वर्षांची फी अजून बाकी आहे. त्या २६ लाखांवर सात टक्के व्याज धरले तर वर्षाला १,८२,००० रुपये आज मिळतात. भात आणि नागलीच्या जिरायत जमिनीतून तेवढे उत्पन्न हाती येईल असे धरून चालू नये, आणि आंबा धरायला काही वर्षे जातील. शिवाय अचानक दवाखान्याचा खर्च आला तर शेतजमीन महिन्याभरात विकली जात नाही, कारण तिला ग्राहकही शेतकरीच लागतो. म्हणून माझे मत असे की शोध पूर्णपणे स्वच्छ निघाला तरी आपण एकूण १४-१५ लाखांच्या पुढे जाऊ नये. एक एकर घेण्याविषयी विक्रेत्याशी बोलून पाहावे. तो तयार नसेल तर दुसरी जमीन पाहावी.

शोधाचा खर्च वकिलांची फी, नकला आणि पेठच्या फेऱ्या धरून ४०,००० रुपयांपर्यंत जाईल असे समजा. व्यवहार झाला नाही तर हे पैसे गेले असे आपल्याला वाटेल. परंतु किमतीच्या दोन टक्क्यांहूनही कमी रक्कम खर्च करून चुकीच्या जमिनीतून वेळीच बाहेर पडता येत असेल, तर तो खर्च मी माझ्या घरच्या माणसालाही करायला सांगेन.

पाच लाख रोख देण्याची मागणी स्पष्टपणे नाकारावी. मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक आगाऊ रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई केली आहे, आणि साध्या इसार पावतीने जमिनीची मालकी येत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. शोध अहवाल हातात आल्यानंतर, नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) करून, एक लाखापर्यंतची रक्कम बँकेमार्फत द्यावी. अहवालात दोष निघाल्यास ती परत मिळेल अशी अट साठेखतात घालावी आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. सोसायटीची थकबाकी निघाली तर तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हातात न देता सोसायटीच्या नावे डिमांड ड्राफ्टने भरावी.

दसऱ्याची घाई एजंटची आहे. त्याला इतकेच सांगावे की सर्वांत जुन्या फेरफाराची नक्कल त्याने आणून द्यावी, मग पुढचे बोलू. ती नक्कल मिळाली की तिच्यावरची तारीख आणि जमीन देणाऱ्याचे पूर्ण नाव मला कळवावे.