आयबी (देशांतर्गत) आणि रॉ (परदेशातली) या गुप्तचर संस्थांवर संसदेचं लक्ष असतं का? पुण्यातून आरटीआय टाकून त्यांची माहिती मागता येते का?

थेट लक्ष नसतं, आणि आरटीआयही फक्त दोन विषयांत चालतो, भ्रष्टाचाराचे आरोप आणि मानवी हक्कांचं उल्लंघन. मी पुण्यात लोकांना अर्ज लिहून द्यायला मदत करतो, तिथे हा प्रश्न येतोच. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं (म्हणजे आरटीआयचं) कलम २४ बघा, दुसऱ्या परिशिष्टात आयबी आणि रॉ दोन्हींची नावं आहेत म्हणून बाकी सगळी माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. मानवी हक्कांचं असेल तर केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि मुदत ३० ऐवजी ४५ दिवस, त्यामुळे अर्जात आरोप नेमका कशाचा ते पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर कलम २४ दाखवून अर्ज परत येतो.

संसदेचं म्हणाल तर रॉ १९६८ पासून आहे पण तिचे अधिकार ठरवणारा वेगळा कायदाच नाही, २०११ मध्ये काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी असा कायदा करायला खासगी विधेयक (सरकारने नव्हे, खासदाराने मांडलेलं) आणलं होतं तेही पास झालं नाही. ब्रिटनमध्ये गुप्तचर संस्थांवर लक्ष ठेवणारी खासदारांची समिती १९९४ च्या कायद्याने आली, आपल्याकडे अजून नाही हे मला खरंच खटकतं. फोन टॅपिंगला गृहसचिवांचा आदेश लागतो आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच, त्यात ना न्यायाधीश ना खासदार.

फक्त एक, कोर्टाचा रस्ता बंद नाही, स्वतःच्या हक्कांवर गदा आली असेल तर हायकोर्टात रिट याचिका (हक्कांच्या रक्षणासाठी थेट दाद) करता येते.