वाचकांचे प्रश्न : सोल्युशनचा डबा आणि हेक्झेनचा टँकर

उन्हाळा तोंडावर आला की सॉल्व्हंटविषयीची पत्रं वाढतात. मी नोकरीभर खानदेशातल्या तेलाच्या सॉल्व्हंट प्लांटवर सुरक्षा अधिकारी होतो, म्हणून संपादकांनी हा सगळा गठ्ठा माझ्याकडे ढकलला आहे. ज्यांना उत्तरं मिळाली नाहीत त्यांनी पुढच्या अंकाची वाट पाहावी.

प्रश्न : पारोळ्याजवळ हायवेला माझा धाबा आहे. सुरतेकडून येणारे टँकर रात्री मुक्कामाला थांबतात. काहींच्या मागे 1208 आणि 3 वायई असं लिहिलेलं असतं, शेजारी ज्वाळेचं चित्र. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, ‘पेट्रोलसारखंच आहे’. नेमकं काय आहे? भीती बाळगायची का?

उत्तर : ड्रायव्हर बरोबर सांगतो आहे, फक्त अर्धं सांगतो आहे. 1208 हा हेक्झेनचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक. हेक्झेन म्हणजे पेंडीतलं तेल विरघळवून काढायला सॉल्व्हंट प्लांटवर वापरतात तो पेट्रोलसारखा द्रव. पेट्रोलचा 1203. टोकावर उभा केलेला लाल चौकोन, त्यात ज्वाळा आणि तळाशी 3 म्हणजे वर्ग तिसरा, ज्वलनशील द्रव. 3 वायई मधला 3 निराळा, त्याचा वर्गाशी संबंध नाही. तो आग विझवणाऱ्यांसाठी आहे : फोम वापरा. वाय म्हणजे श्वसनयंत्र लावूनच जवळ जा, सांडलेला माल पाण्याने गटारात लोटू नका, आहे तिथेच अडवा, आणि भडका हिंसक असू शकतो. ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. पाटीवर मालाचं नाव आणि आणीबाणीचा फोन नंबरही असायला हवा. नसेल तर अशा टँकरला तुमच्या अंगणात जागा देऊ नका. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

भीती कशाची बाळगायची ते सांगतो. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून द्रवावर पेटण्याइतकी वाफ जमते तो, शून्याखाली साधारण 22 अंश. म्हणजे धुळ्याच्या डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा त्याच्यावर पेटण्याइतकी वाफ असतेच. ही वाफ हवेच्या तिप्पट जड. वर उडून जात नाही, उताराने सरकत जाते, नालीत बसते. त्यामुळे टँकर कुठे उभा आहे यापेक्षा तुमची तंदुरी त्याच्या उताराला आहे का, हे आधी बघा. असेल तर टँकरची जागा बदला. आणि टँकरच्या सावलीत क्लीनरने स्टोव्ह पेटवून भाजी टाकलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता रागही येत नाही. त्याला सरळ आत बोलवा, भाजी तुमच्या भट्टीवर करू द्या.

गळती दिसली तर 112 आणि 101 लावा, चारी बाजूंनी किमान 50 मीटर मोकळं करा, गाड्या सुरू करू नका. टँकरच पेटला तर अंतर 800 मीटर. आणि बादल्या घेऊन धावणाऱ्यांना आवरा. फुकटचं पेट्रोल म्हणून हेक्झेन भरून नेणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

प्रश्न : यावल तालुक्यात माझं पाइप आणि ठिबकचं दुकान आहे. पीव्हीसी जोडायच्या सोल्युशनचे खोकेच्या खोके मागच्या खोलीत असतात. डब्यावर ज्वाळा, उद्गारचिन्ह आणि छातीवर ताऱ्यासारखी भेग पडलेला माणूस अशी चित्रं आहेत. एका कंपनीच्या डब्यावर ‘श्रेणी 2’ लिहिलंय. दोन म्हणजे मध्यम धोका ना? उन्हाळ्यात काही करावं लागतं का? खोलीत गेलं की डोकं जड होतं.

उत्तर : दोन म्हणजे मध्यम नव्हे, भाऊ. या वर्गवारीत आकडा जितका लहान तितका धोका मोठा. फ्लॅश पॉइंट 23 अंशांच्या खाली आणि उकळणबिंदू 35 पर्यंत असेल तर पहिली श्रेणी, उदाहरणार्थ ईथर. फ्लॅश पॉइंट 23 च्या खालीच पण उकळणबिंदू 35 च्या वर असेल तर दुसरी. 23 ते 60 तिसरी, 60 ते 93 चौथी. तुमच्या सोल्युशनमध्ये मुख्य माल बहुधा टेट्राहायड्रोफ्युरान, त्याला टीएचएफ म्हणतात. त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे 14, उकळणबिंदू 66. सोबत एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन, तोही शून्याखालचाच. तिसरा सायक्लोहेक्झॅनोन. आणि या तिसऱ्याकडे आपण खानदेशातल्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. त्याचा फ्लॅश पॉइंट 44 अंशांच्या आसपास, म्हणून तो तिसऱ्या श्रेणीत, थंड मुलखात तसा सभ्य समजला जाणारा. पण भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा 45 च्या वर जातो आणि तुमच्या मागच्या खोलीवर पत्रा असेल तर आतलं तापमान विचारूच नका. म्हणजे जो द्रव दुसरीकडे तापवल्याशिवाय पेटत नाही, तो आपल्याकडे गोदामात आयताच तापलेला असतो. डब्यावरची श्रेणी बदलत नाही, पण खोली बदलते.

डोकं जड होतं त्याचं कारण ते उद्गारचिन्ह : डोळ्यांना आणि श्वासमार्गाला चुरचुर, गुंगी. भेग पडलेला माणूस दूरच्या धोक्याचा. टीएचएफला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2बी गटात टाकलं आहे, ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ असा तो गट, आणि पुरावा मुख्यतः उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांचा. घाबरून दुकान बंद करायची गरज नाही. पण बंद खोलीत तासन्‌तास बसून हिशेबही करू नका.

आता खोलीचं. बहुतेक दुकानदार वर छताजवळ एक्झॉस्ट पंखा लावतात आणि काम झालं असं समजतात. टीएचएफची वाफ हवेच्या अडीचपट जड, ती खाली फरशीवर पसरते. पंखा वरची गरम हवा ओढत बसतो आणि त्याची मोटर ठिणगी टाकायला मोकळी. त्यापेक्षा बाहेरच्या भिंतीत फरशीला लागून जाळी ठेवा, समोरच्या भिंतीत वर दुसरी. तळघर असेल तर तिथे हा माल नकोच. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी त्या खोलीतून आजच बाहेर काढा. संध्याकाळी दुकान वाढवताना धूप फिरवता ना? त्या खोलीला वगळा, देव समजून घेईल. सकाळी शटर उघडलं की आधी दार, जाळ्या उघडून खोली मोकळी होऊ द्या, मग दिव्याचं बटण. डबा फुगलेला दिसला तर लगेच पिळू नका. सावलीत निवू द्या, वर फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा. घट्ट होऊन जेलीसारखं झालेलं सोल्युशन टाकून द्यायचं असतं. त्यात थिनर किंवा पेट्रोल घालून पुन्हा विकणारे आहेत. तुम्ही त्यांतले नसाल अशी आशा करतो.

खरं तर दुकानापेक्षा मला शेतातली काळजी जास्त वाटते. केळीच्या बागेत पाइपलाइन टाकताना बघा. कमरेएवढी चारी, आत दोन पोरं वाकलेली. एकाच्या हातात ब्रश, डब्याचं झाकण मातीत पडलेलं, डबा चारीच्या काठावर नव्हे तर आतच. फिटर पाइपाचं तोंड रुंद करायला पालापाचोळ्याचा जाळ करून त्यावर पाइप फिरवतो आहे, हात-दीड हातावर. वरून शेतकरी म्हणतो, ‘बिडी नको पेटवू’, आणि फिटर म्हणतो, ‘काही व्हत नही, भाऊ’. वाफ जड असल्यामुळे चारीतच भरून राहते, आणि जोडलेल्या पाइपातही. टीएचएफ हवेत दोन टक्के झालं की पेटायला पुरेसं. तेव्हा डबा विकताना गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी सांगा : पाइप तापवायचं काम आधी उरकायचं आणि चारीच्या बाहेर, जाळ पूर्ण विझवायचा, मगच डबा उघडायचा. दुसरं, जोड वाळत असताना पाइपाची टोकं लगेच बंद करायची नाहीत आणि त्या लाइनवर वेल्डिंग करायचं नाही. पेटलंच तर पाण्याचा फवारा मारू नये. माती, वाळू किंवा कोरड्या पावडरीचं सिलिंडर.

प्रश्न : माझे पती धुळ्याकडे एका सॉल्व्हंट प्लांटला आहेत, एक्स्ट्रॅक्टरवर, म्हणजे हेक्झेनने तेल धुऊन काढतात त्या यंत्रावर. काही महिन्यांपासून त्यांच्या पायांना मुंग्या येतात, आता बोटांनाही. उकिडवं बसलं की उठताना हात टेकावा लागतो. डॉक्टरांनी बी-12 च्या गोळ्या दिल्या. प्लांटमध्ये गॅसचा अलार्म आहे, तो कधी वाजला नाही, म्हणून ते म्हणतात हेक्झेनचा काही संबंध नाही. पाटीवर तर फक्त ज्वाळा आहे.

उत्तर : ताई, हे पत्र मी सगळ्यांत आधी वाचलं आणि उत्तर पोस्टानेही पाठवलं आहे. इथे छापतो आहे ते इतरांसाठी.

टँकरवरची पाटी रस्त्यावरच्या धोक्यासाठी असते : सांडलं, पेटलं तर काय. रोज थोडं थोडं नाकात गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी काय होतं, ते ती पाटी सांगत नाही, तिचं ते कामच नाही. ते लिहिलेलं असतं मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकात, दुसऱ्या विभागात. हेक्झेनच्या पत्रकात तिथे ज्वाळेबरोबर तो भेगेचा माणूसही दिसेल आणि ‘दीर्घकाळ संपर्काने मज्जातंतूंना इजा’ असं वाक्य असेल. हे पत्रक प्लांटमध्ये असायलाच हवं. भोपाळनंतर आलेल्या 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांत ते आहे.

अलार्मचा भ्रम मात्र फोडलाच पाहिजे. हेक्झेन पेटायला हवेत किमान 1.1 टक्का लागतं, म्हणजे दहा लाख भागांत 11,000 भाग. अलार्म याच्या साधारण 20 टक्क्यांवर लावतात, म्हणजे 2,200 ला. आणि आठ तासांच्या पाळीत एन-हेक्झेन, म्हणजे हेक्झेनमधला मज्जातंतूंना बाधणारा प्रकार, किती चालतं? 50 भाग. कामगार त्या मर्यादेच्या चाळीसपट हवेत उभा असला तरी अलार्म गप्पच राहील, आणि त्याचं काही बिघडलेलं नसेल. तो आगीसाठीच लावलेला आहे. नाकावरही भिस्त नको. वास जाणवेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते आणि नाक लवकरच सरावतं.

शरीरात गेल्यावर हेक्झेनचं 2,5-हेक्झेनडायोन होतं, आणि ते लांब मज्जातंतूंना आधी पकडतं. म्हणून सुरुवात पायांपासून, मग हात, मोजे-हातमोजे घातल्यासारखं. 1960 च्या दशकात जपानमध्ये घरगुती उद्योगात चपला चिकटवणाऱ्यांना हेच झालं होतं, गोंदातल्या हेक्झेनमुळे. बी-12 ची कमतरता आणि मधुमेह यांचीही लक्षणं अशीच असतात. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं चुकलंच असं मी म्हणणार नाही. त्यांना कामाचं कुणी सांगितलं नसेल. आता सांगा. कागदावर लिहून न्या : हेक्झेन, किती वर्षं, कुठल्या जागी. मज्जातंतूंची वहन तपासणी, एनसीव्ही, करायला सांगा. रक्तातली साखर आणि बी-12 ही बघा. लघवीतलं हेक्झेनडायोन तपासायचं असेल तर नमुना कामाच्या आठवड्याच्या शेवटी, पाळी संपताना द्यावा लागतो. सुट्टीनंतर देऊन उपयोग नाही.

तपासण्या चालू असेपर्यंत त्यांची जागा बदलून घ्या. पेंड हाताळणीवर नको, कारण टोस्टरमधून, म्हणजे पेंड तापवून हेक्झेन उडवतात त्या यंत्रातून, निघणाऱ्या पेंडीलाही हेक्झेन असू शकतं. ऑफिस किंवा वजनकाट्यावर. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर धीर सुटेल : संपर्क तुटल्यावरही दोन-तीन महिने लक्षणं वाढू शकतात. मग थांबतात आणि हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने, उतरतात. लवकर बाजूला झालेली बहुतेक माणसं बरी होतात.

आणि त्यांना एक विचारा : पाळी सुटताना हातांचं ग्रीस कशाने धुतात? आमच्याकडे नळाखाली साबण असायचा आणि शेजारी डबडं. पोरं डबडंच वापरायची, कारण हेक्झेनने हात एका मिनिटात लख्ख होतात. कातडी कोरडी पडते, भेगाळते आणि माल आतही जातो. तुमच्या प्लांटला असं डबडं असेल तर ते उचलून नेण्याइतका अधिकार कुठल्याही फोरमनला असतो. प्लांट धोकादायक प्रक्रियेत मोडत असेल तर आरोग्य तपासणी आणि तिच्या नोंदी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे; मागील नोंदींची प्रत मागून घ्या, डॉक्टरांना तुलना करायला लागेल.

प्रश्न : सरकीचं आणि सोयाबीनचं रिफाइंड तेल हेक्झेनने काढतात म्हणे. मग ते खाणं बंद करावं का? (अमळनेरहून एक गृहिणी)

उत्तर : काढतात, खरं आहे. घाण्याने पेंडीत बरंच तेल उरतं, ते हेक्झेनने धुऊन घेतात. मग तेल आणि हेक्झेनचं मिश्रण, प्लांटवर त्याला मिसेला म्हणतात, तापवून आणि वाफ सोडून हेक्झेन उडवतात, थंड करून पुन्हा टाकीत घेतात. ते महाग असतं, त्यामुळे सोडून द्यायला मालकालाच परवडत नाही. रिफाइंड तेलात उरलेल्या हेक्झेनची मर्यादा दहा लाख भागांत 5 भाग आहे, आणि हेक्झेनही खाद्य प्रतीचं लागतं. वरच्या पत्रातला धोका हवेतून, रोज, आठ तास घेणाऱ्याचा, तळणाऱ्याचा नव्हे. सीलबंद पुडा घ्या, सुटं तेल घेऊ नका. घाण्याचं तेल आवडत असेल तर चवीसाठी जरूर घ्या, मीही शेंगदाण्याचं घाण्याचंच घेतो.