वाचकांचे प्रश्न : तैलचित्राचा फोटो आणि व्हार्निशची चमक

प्रश्न : कोल्हापुरात आमचा व्यावसायिक स्टुडिओ आहे. चपला, साज, कॅटलॉग हे नेहमीचं काम. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लावणारे चित्रकार हल्ली तैलचित्रांचे फोटो काढून घ्यायला येतात. दोन सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या कापडी पेट्या) लावूनही व्हार्निशवर पांढरे ठिपके येतात आणि काळा रंग राखाडी दिसतो. काय चुकतंय?

उत्तर : सॉफ्टबॉक्स चपलेला शोभतो, तैलचित्राला नाही. जाड रंगाच्या फटकाऱ्याला सगळ्या दिशांनी उतार असतात. प्रकाशाचा स्रोत जितका मोठा, तितके जास्त उतार तो कॅमेऱ्याकडे परतवतात. तेव्हा साधे रिफ्लेक्टर लावलेले दोन एकसारखे फ्लॅश घ्या. ते चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर आणि चित्राच्या लांब बाजूच्या किमान दीडपट अंतरावर ठेवा. चारही कोपरे आणि मध्य असं पाच ठिकाणी ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) धरून प्रकाश सारखा पडतोय का ते तपासा. खोलीतल्या ट्यूबलाइट बंदच हव्यात.

एवढ्यानं चमक कमी होईल, जाणार नाही. ती घालवण्यासाठी दोन्ही फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म (प्रकाशाची कंपनं एकाच दिशेत जाऊ देणारी पारदर्शक फिल्म) लावा. दोन्ही फिल्मचा अक्ष एकाच दिशेला हवा. बहुतेकांचं इथेच बिघडतं. मॉडेलिंग लाइट (फ्लॅशमधला सतत चालू राहणारा दिवा) बंद ठेवा, नाहीतर फिल्म तापून जळते. चित्राशेजारी स्टीलचा चमचा टांगा आणि त्यातले फ्लॅशचे ठिपके विझेपर्यंत लेन्सवरचा पोलरायझर (तशाच फिल्मचा फिल्टर) फिरवा. एकच ठिपका विझत असेल, तर एका फिल्मचा अक्ष दुसरीशी जुळत नाही, ती आडवी लागली आहे. यात साधारण तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश जातो. तो फ्लॅशची ताकद वाढवून भरून काढा, आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १०० आणि एफ ८ (लेन्सचं छिद्र) सोडू नका.

चमक पूर्ण मेली की फटकाऱ्यांचा उठावही मरतो आणि चित्र छापील पोस्टरसारखं दिसतं. सोनेरी वर्ख तर काळाच पडतो. म्हणून कॅमेरा न हलवता, पोलरायझर थोडा फिरवून दुसरी फ्रेम घ्या आणि एडिटिंग करताना ती पहिल्या फ्रेमच्या वरच्या लेयरवर (थरावर) २०-३० टक्के मिसळा. किती मिसळायची ते चित्रकाराला शेजारी बसवून ठरवा. काळा कुठे किती खोल होता ते त्यालाच माहीत असतं.

प्रश्न : २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरेल का?

उत्तर : कॅटलॉगला आरामात पुरेल, ८ इंची चित्राला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४०० पिक्सेल लागतात. २२×३० इंचांची मूळ मापाची प्रत काढायची असेल तर मात्र ६६००×९००० पिक्सेल हवेत. तेव्हा चित्र तुकड्यांत टिपून जोडा. व्हॉट्सअॅपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

प्रश्न : हा फोटो आम्ही आमच्या जाहिरातीत वापरू शकतो का?

उत्तर : विचारल्याशिवाय नाही. चित्र विकलं गेलं तरी त्याचा कॉपीराइट आपोआप गिऱ्हाइकाकडे जात नाही. शिवाय १९५७च्या कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणाराच असतो. (हेच कलम मागणीवरून पैसे घेऊन रंगवलेल्या व्यक्तिचित्रालाही लागू होतं, हे चित्रकारांनाही सांगा.) जुन्या चित्रांचं वेगळं : कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांच्या कॉपीराइटची मृत्यूनंतरची ६० वर्षांची मुदत कधीच संपली. हयात चित्रकाराचं काम असेल तर बिलावरच एक ओळ लिहून सही घ्या : ‘स्टुडिओच्या प्रसिद्धीसाठी, चित्रकाराच्या नावासह वापरण्यास परवानगी.’