उसवता येईल अशीच बाहुली करा

ताई, तुम्ही लिहिलंय की दोन लहान मुलं, नोकरी, सासू-सासरे आणि दोन खोल्यांचं घर. तीन वर्षांत चौदा कापडी बाहुल्या केल्या, आणखी वीसेक बाहुल्या प्रदर्शनांतून विकत आणल्या. आत्ता एक धड जेवणाच्या टेबलावर पडलंय, त्याची मान लटकतेय आणि सासूबाई म्हणाल्या, "घर आहे की दुकान?" वेळ कसा काढायचा, बाहुल्या ठेवायच्या कुठे, विकायला लागू का आणि मानेचं काय करू, असे चार प्रश्न आहेत.

मी सव्वीस वर्षं हा उद्योग करतेय. सगळा संसार सांभाळून, असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर कधी संसार वर असतो, कधी बाहुल्या. चिपळूणला राहते हे आधीच सांगते, पुढे ते लागणार आहे.

वेळेचं आधी बोलू. सलग दोन तास मिळतील आणि मग बसू, हा विचार सोडून द्या. तसे दोन तास मला माझी मुलगी दहावीला जाईपर्यंत मिळाले नाहीत. बाहुलीच्या कामाचे मी सरळ दोन भाग पाडते: मध्येच टाकून उठता येणारं काम आणि न येणारं. हातपाय भरणं, लोकरीचे केस लावणं, परकराला हेम घालणं, चोळीच्या बाह्या, हे सगळं पहिल्या भागात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक पाय भरून होतो. कापड बेतणं आणि चेहरा हे दुसऱ्या भागात. चेहरा मी फक्त रविवारी दुपारी करते, घर झोपलेलं असताना. एकदा दूध तापत ठेवून ओठ भरायला बसले. दूध गेलंच, शिवाय बाहुली आयुष्यभर कोणावर तरी चिडल्यासारखी दिसते. ती अजून आहे माझ्याकडे.

आणि एक बाहुली, एक डबा. दिवाळीच्या फराळाचे पत्र्याचे डबे असतात ना, त्यातला एक. त्यात त्या बाहुलीचे सगळे अवयव, तिचंच कापड, तिचाच दोरा. काम थांबलं की झाकण लावायचं. टेबल मोकळं झालं की निम्मी भांडणं मिटतात. डब्याच्या झाकणाला आतून लोहचुंबक चिकटवा आणि सुया त्यावरच ठेवा, मोजून तीन. उठताना तीन आहेत का बघायचं, मगच झाकण. रांगतं मूल असलेल्या घरात याला पर्याय नाही. आमच्याकडे एकदा दोनच भरल्या, तर नवऱ्यासकट सगळे रात्री अकरा वाजता विजेरी घेऊन फरशीवर ओणवे होते. सुई सापडली माझ्याच पदराला.

चेहऱ्यावर थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक जणी तिथेच हात टेकतात. पेन्सिलीने डोळे काढू नका, पुसलं तरी कापड मळकट दिसतं. दोन काळ्या टाचण्या घ्या आणि डोळ्यांच्या जागी टोचा. चेहऱ्याच्या उंचीच्या बरोब्बर मध्यावर टोचल्या तर बाई दिसते, थोड्या खाली घेतल्या की मूल. मोबाइलवर फोटो काढून बघा. हातात धरलेली बाहुली आपल्याला नेहमी सुंदरच दिसते, फोटोत मात्र एक डोळा वर गेलेला लगेच कळतो. जमलं की मग साखळी टाक्याने डोळे भरा. दोराही एकेरीच वापरा, म्हणजे उसवताना कापडाला भोकं पडत नाहीत. मी एक तोंड चार-चार वेळा उसवलंय. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाणार असेल तर बटणं, मणी, टिकल्या काही नको, डोळे दोऱ्याचेच.

अंगासाठी मांजरपाट, म्हणजे कोरं जाडंभरडं सुती कापड, पण आधी दोनदा धुऊन घ्या, तो आटतो. रंगासाठी मी कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवते. पांढऱ्याफटक बाहुल्या मी करत नाही. आमच्या घरात, गल्लीत कोणी तसं नाही, मग बाहुल्याच कशाला? फक्त एक ध्यानात ठेवा, चहाचं पाणी आम्लधर्मी असतं, वर्षानुवर्षांनी कापड कमजोर होतं. खेळायच्या बाहुलीला चालतं. जपून ठेवायची असेल तर गव्हाळ रंगाचं तयार सुती कापडच आणा. कडेला पाव इंच माया, म्हणजे शिलाईपुरतं जास्तीचं कापड, सोडा. काखेत आणि मानेच्या वळणावर टाक्याला लागेपर्यंत बारीक काप द्या, नाहीतर उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात.

नऊवारीचा मोह तुम्हालाही होणार, सगळ्यांना होतो. सहावारीला पाय नसले तरी भागतं, खाली गच्च भरलेला परकर ठेवला की उभी राहते. राजस्थानच्या कठपुतळीलाही पाय नसतातच, घागरा सगळं झाकून नेतो. पण काष्ट्याला पाय लागतात, तेही दोन वेगळे आणि पोटऱ्यांचा आकार असलेले. मापाची गंमत बघा. बाई पाच फुटी धरली तर नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, उंचीच्या जवळजवळ साडेपाच पट. त्या हिशेबाने बारा इंची बाहुलीला पासष्ट इंच लांब साडी हवी. मी पहिल्यांदा तशी कापली आणि बाहुली पोटुशी दिसायला लागली! कारण लांबी-रुंदी लहान करता येते, कापडाची जाडी करता येत नाही. सगळ्या निऱ्या कमरेशी गोळा होतात. आता मी विरलेल्या मलमलच्या साडीची नऊ इंच रुंद पट्टी काढते आणि पंचेचाळीस इंचांवर थांबते. काठ मात्र खऱ्या इरकलीचा लावायला जाऊ नका, बाहुलीच्या अंगावर तो गालिच्यासारखा दिसतो. बारीक लेस किंवा खणाची अर्ध्या इंचाची पट्टी पुरते. गौरींना साडी नेसवायची सवय असेल तर हात आपोआप चालतो. मी निऱ्या धरायला शिकले ती सासूबाईंकडून, गौरींच्याच वेळी. त्यांना बाहुल्यांचं वेड नव्हतं, पण काष्टा चुकलेला त्यांना बघवायचा नाही. एका गणपतीत त्यांनी स्वतःहून माझी बाहुली हातात घेतली आणि पुन्हा नेसवून ठेवली. तुमच्या सासूबाईंनाही एखादी साडी नेसवायला देऊन बघा. वादावादीपेक्षा ते लवकर लागू पडतं.

नेसवलेली साडी अंगाला शिवून टाकू नका, चिकटवू तर मुळीच नका. मोठ्या धावदोऱ्याने चार ठिकाणी अडकवायची. हे का, ते आता सांगते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं. आम्ही तळमजल्यावर. वरच्या बिऱ्हाडात गेलो तेव्हा हातात कागदपत्रं, औषधं आणि सासूबाईंची काठी होती. कपाटाच्या खालच्या दोन खणांतल्या एकतीस बाहुल्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर खण उघडेना, लाकूड फुगलेलं. नवऱ्याने पहारीने उघडला. आत वीतभर गाळ, आणि गाळातून एक हात वर आलेला, त्यात बांगड्या. मी तिथेच खाली बसले.

रडून झाल्यावर कामाला लागले, तेव्हा जे कळलं ते आधीच्या वीसेक वर्षांत कळलं नव्हतं. साध्या कापसाने भरलेल्या बाहुल्या वरून वाळल्या, आतून आठवडाभर ओल्याच. नुसत्या पिळून चालत नाही, आतला कापूस काढून टाकावाच लागतो. ज्यांची पाठ मी हाताने टाके घालून बंद केली होती, त्या दोन मिनिटांत उघडल्या. ज्या मशीनने पक्क्या केल्या होत्या त्या कापाव्या लागल्या. केस आणि काठ गोंदाने चिकटवलेल्या बाहुल्यांचा गोंद विरघळून चेहऱ्यावर उतरला. खणाच्या साडीचा लाल रंग दोघींच्या मांडीभर पसरला, कारण ते खणाचं कापड मी आधी धुऊन घेतलं नव्हतं. गाळ ओला असताना ज्या धुतल्या त्या निघाल्या. पाणी मिळेना म्हणून ज्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी धुतल्या, त्यांचे डाग कायमचे. एकोणीस वाचल्या.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक बाहुलीच्या पाठीला दीड इंचाची फट असते, मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेली. उघडायची कुठे ते शोधावं लागत नाही. पूर नाही आला तरी कसर लागते, कापसाचे गोळे होतात, मूल बाहुली घेऊन बादलीत बसतं.

साठवणीचं त्यालाच जोडून. चिंध्यांची बाहुली फार टिकत नाही, हे मान्य करूनच चाला. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली एक कापडी बाहुली आहे, तागाच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरस, म्हणजे तेव्हाचा लव्हाळ्याचा कागद, भरलेली. ती टिकली, कारण ती इजिप्तच्या कोरड्या वाळूत होती. आपल्याकडे कोकणात जूनमध्ये चपलेला बुरशी येते, तिथे बाहुलीची काय कथा! प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आतल्या आत घाम धरतो. धुतलेल्या, खळ न घातलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. माझ्या दोन जुन्या बाहुल्यांचे कडक घोळ तिने जाळीदार करून ठेवले. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. प्रदर्शनातून आणलेली नवी बाहुली थेट इतरांत ठेवू नका. ती घट्ट पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. मटारच्या पाकिटाशेजारी नऊवारीतली बाई बघून आमच्याकडे आलेला पाहुणा एकदा चांगलाच दचकला होता. डांबरगोळ्या मुलांच्या खेळण्यांत नकोत.

आता वीस विकत घेतलेल्यांबद्दल. दिल्लीत शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम आहे, १९६५मध्ये सुरू झालेलं. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून द्यायला एक बाहुली दिली, तिथून त्यांना नाद लागला. पुढे हजारोंनी जमल्या. तिथे फिरताना मला जाणवलं की मी बाहुलीच्या आधी पाटी वाचतेय. पाटी नसती तर काचेमागे नुसते रंगीत कपडे. म्हणून माझा नियम: कुठली, कोणी केली, कधी, कितीला, कापड कोणाचं, हे माहीत नसेल तर घरात आणायची नाही. माझ्याकडे मध्य प्रदेशातल्या झाबुआची भिल्ल जोडी आहे, तीरकामठेवाला तो आणि टोपलीवाली ती. याच झाबुआच्या बाहुल्यांसाठी रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. ही माहिती मी जोडीच्या नोंदीतच लिहून ठेवलीये.

नोंदवही ठेवाच, पण एकट्या वहीवर विसंबू नका. माझी वही पुरात लगदा झाली. जेल पेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या. वाचल्या त्या फक्त परकराच्या आत सुती नाडीवर दोऱ्याने भरलेल्या खुणा. मी आता एवढंच भरते: वर्ष, आणि ज्याच्या कापडातून झाली त्याचं अक्षर. आमच्या घरात जुन्या साड्यांवर तीन हक्कदार असायचे, बोहारीण, गोधडी आणि मी. त्यामुळे कुठलं कापड कोणाचं हे मला पाठ असायचं. आता आठवत नाही. सासूबाईंच्या निळ्या पातळाची एक बाहुली वाचलीये, नाडीवर 'सा' आहे म्हणून ओळखली. सासूबाई आता नाहीत.

जागेला तोडगा एकच, मर्यादा. माझ्यासाठी काचेच्या कपाटाचे तीन खण. चौथ्याची वेळ आली की एकीची पाठवणी, भाचीच्या रुखवतात नाहीतर शाळेत. एक काळी बाहुली केली होती हौसेने, ती मात्र घरात कोणी ठेवू देईना. समोरच्या ट्रकवाल्याने आनंदाने मागून नेली, टांगली गाडीला.

विकण्याबद्दल माझं मत: तूर्त नको. एका नऊवारीला माझे दहा तास जातात आणि समोरचा दीडशे रुपये म्हणतो. रुखवताच्या ऑर्डरी मी एक मोसम घेतल्या. मुलीकडच्यांनी शेवटच्या दिवशी शालूचा रंग बदलला, त्यानंतर पुन्हा नाही. करायचंच असेल तर एक माहीत असू द्या: १ जानेवारी २०२१पासून मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा आधी त्या नोंदणीच्या कार्डाचा उद्योग करा.

राहिली टेबलावरची मान. ती लटकते, कारण तुम्ही डोकं भरलं, धड भरलं आणि मधली नळी पोकळ राहिली. पाठ उसवा. डोक्यातला कापूस विणायच्या सुईच्या बोथट टोकाने वर दाबा. जुन्या सुती कापडाची दोन इंच रुंद पट्टी घट्ट गुंडाळून करंगळीएवढी वळकटी करा, टाके घाला. ती अर्धी डोक्यात, अर्धी छातीत जाईल अशी बसवा आणि भोवतीने कापूस ठासा, खांद्यांपर्यंत. शोभेची असेल तर वळकटीच्या आत आइस्क्रीमची काडी चालेल, मुलांसाठी असेल तर नको. मग बाहुली उलटी धरून हलवा. डोकं हललं तर अजून ठासा, आणि पाठ बंद करताना दोरा वेगळ्या रंगाचा घ्या.