कळांच्या वेळी सोबत कोणाची?

प्रश्न : माझी मुलगी पहिलटकरीण असून बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. पुण्यात असताना तिने एका डूलाकडे चौकशी केली होती आणि इथेही तशी बाई मिळेल का, असे ती विचारते. माझ्या सासूबाईंच्या काळी गावात सुईण होती. तिच्याहून डूला वेगळी कशी? ती बाळंतपण करते का? आणि अशी बाई मिळाली नाही तर काय करावे?
— एक आई, अमळनेर तालुका, जि. जळगाव

उत्तर : ताई, डूला बाळंतपण करत नाही. आतून तपासणे, औषध देणे, बाळाचे ठोके ऐकून निर्णय घेणे ही कामे डॉक्टर आणि परिचारिकांची आहेत. डूला कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत बाळंतिणीजवळ थांबते, तिला धीर देते, पाठ-कंबर दाबून देते, पाणी पाजते आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला समजेल अशा शब्दांत पुन्हा सांगते.

आपल्या सासूबाईंच्या काळची सुईण दोन्ही कामे करीत असे. बाळ काढण्याचे काम दवाखान्याकडे गेले हे योग्यच झाले, कारण रक्तस्राव वाढला किंवा झटके आले तर घरी इलाज नसतो. पण रात्रभर हात धरून बसण्याचे जे दुसरे काम होते ते कोणाकडेच सोपवले गेले नाही. एका परिचारिकेला एकाच वेळी अनेक जणींकडे पाहावे लागते, नातेवाईक व्हरांड्यात बसून राहतात आणि कळा सोसणारी मुलगी अनोळखी खोलीत एकटी पडते. माझ्या मते आजच्या बाळंतपणातील ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला फार पैसाही लागत नाही.

सोबतीचा परिणाम अभ्यासांतूनही दिसला आहे. 2017 साली कॉक्रेन संस्थेने 17 देशांतील 15 हजारांहून अधिक स्त्रियांवरील 26 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, सिझेरियनचे कमी आणि कळांचा काळ सरासरीने थोडा कमी आढळला. भीतीने शरीरात वाढणारी रसायने कळांची लय मंदावू शकतात. ओळखीचा आवाज कानाशी असला की ती भीती उतरते.

प्रशिक्षित डूला प्रामुख्याने मोठ्या शहरांत आढळतात, त्यामुळे आपल्याकडे ती न मिळाल्यास खंत करू नये. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, अशी सूचना दिली आहे. ती स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने शेवटपर्यंत थांबावे आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा त्या सूचनेतील अटी आहेत. पुढच्या तपासणीलाच याविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. खाजगी दवाखाना असेल तर हे आधी विचारणे अधिकच गरजेचे आहे.

सोबतीण मुलीने स्वतः निवडावी. मान म्हणून घरातली वडीलधारी पाठवण्याची रीत आहे, पण ती स्वतःच घाबरणारी असेल किंवा ‘माझ्या वेळी तर दोन दिवस लागले होते’ अशा गोष्टी सांगणारी असेल, तर तिने घरचे बाळंतविड्याचे पाहावे आणि आत एखादी शांत मावशी, काकू किंवा वहिनी जावी. ‘मी शे ना आठे’ (मी आहे ना इथे) एवढे शांतपणे म्हणत राहणारी बाई हवी. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिने मुलीला चालते-फिरते ठेवावे, कुशीवर वळायला मदत करावी, कळ येताच माकडहाडाच्या वर तळहाताने भार द्यावा, श्वास सावकाश सोडायला सांगावे आणि लघवीला जाण्याची आठवण द्यावी. खान्देशातल्या उन्हाळ्यात घोट-घोट पाणी तर विसरूच नये. पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी ‘जोर लाव’ म्हणू नये आणि पोट दाबू नये. घरी असताना रक्त जाणे, हिरवट पाणी, बाळाची हालचाल कमी होणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही दिसले, तर सोबतीची वेळ संपली असे समजून तत्काळ 108 ला फोन करावा.

बाळ झाल्यावर त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि पहिल्या तासातच चीक पाजावा. मध किंवा गूळपाणी चाटवू नये. या वेळी सोबतीणच आईच्या बाजूने ठामपणे उभी राहू शकते, कारण बाहेर थांबलेल्या आजीचा मधासाठी आग्रह तिलाच मोडवतो.

प्रश्न : माझ्या पत्नीची इच्छा आहे की मी आत थांबावे. घरचे म्हणतात, पुरुषाचे तिथे काय काम? दवाखाना परवानगी देईल का?
— एक वाचक, शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : वर सांगितलेल्या केंद्र सरकारच्या सूचनेनुसार, प्रसूतिकक्षात प्रत्येक स्त्रीचा आडोसा राखला जात असेल तर पतीलाही आत घेता येते. एकाच खोलीत पडद्याविना अनेक खाटा असतील तर इतर स्त्रियांसाठी आपण बाहेर थांबणे उचित ठरेल. तेव्हा खोली आधी पाहून घ्यावी. परवानगी मिळालीच तर पोट भरून जावे, मोबाइल बंद ठेवावा आणि पत्नीच्या डोक्याशी उभे राहावे. न मिळाल्यास तिच्या पसंतीची सोबतीण आत पाठवून आपण गाडी, रक्तगट आणि कागदपत्रे यांची जबाबदारी उचलावी, आणि घरी परतल्यावर रात्रीची बाळाची दुपटी बदलण्याचे काम मात्र कोणाच्या परवानगीची वाट न पाहता स्वतःकडे घ्यावे.