मुंबईच्या फोर्टमधली जुनी ब्रिटिशकालीन हॉटेलं आज बघायला मिळतात का, आणि कुठून सुरुवात करावी?

मिळतात, पण हॉटेलचा बोर्ड शोधत फिरलात तर काहीच सापडणार नाही. ताज सोडला तर बहुतेक ठिकाणी हॉटेल कधीच बंद पडलंय, नुसत्या बिल्डिंगी उरल्यात. त्यामुळे मान वर करून चाला.

सुरुवात काळा घोड्यापासून करा. डेव्हिड ससून लायब्ररीच्या जवळच एस्प्लनेड मॅन्शन आहे, तेच जुनं वॉटसन्स हॉटेल. अख्खा सांगाडा ओतीव लोखंडाचा, सगळे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने इकडे आणले आणि १८६७ ते ६९ मध्ये जोडले. डिझाइन इंग्रज इंजिनिअर ऑर्डिशचं, लंडनचा अल्बर्ट ब्रिज बांधणारा तोच. मालक जॉन वॉटसन, मूळचा कापडवाला. आता इथेच जागा कशी मिळाली, तर त्याच सुमाराला गव्हर्नर फ्रियरने किल्ल्याची तटबंदी पाडून टाकली होती, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा धो धो आला होता आणि एस्प्लनेडवरचे, म्हणजे किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावरचे प्लॉट विकायला निघाले होते. त्यात १८६९ ला सुवेझ कालवा उघडला, मग बोटीने येणारे साहेब लोक वाढणारच की.

या वॉटसन्सवर मी जरा जास्तच बोलतो, पण कारण तसंच आहे. ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या, म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या, फिल्म्स भारतात पहिल्यांदा इथेच दाखवल्या, तिकीट एक रुपया. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन इथे उतरला होता आणि बाल्कनीतल्या कावळ्यांवर त्याने असं काही लिहिलंय की वाचून आजही हसू येतं, मुंबईचे कावळे तेव्हाही तसेच आगाऊ होते म्हणायचे. पुढे हॉटेल बंद झालं, खोल्यांचे गाळे पडले, कोर्ट जवळ म्हणून वकिलांची ऑफिसं आली. २००५ मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एक जण गेला, २०१९ मध्ये बिल्डिंग रिकामी करून घेतली. पाडायची की वाचवायची यावर कोर्टात भांडण झालं. म्हणजे बाहेरूनच बघायचं, आणि अगदी खाली उभं राहू नका.

जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी रागाने ताज बांधला, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक गाइड सांगेल. ऐकायला मस्त आहे, पण तिला धड पुरावा नाही आणि बरेच अभ्यासक ती मानत नाहीत. मलाही पटत नाही, एवढा हिशेबी माणूस नुसत्या रागापोटी एवढा पैसा ओतेल का?

तिथून लायन गेटकडे, म्हणजे नौदलाच्या गोदीच्या दाराकडे या. समोरच ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग. आधी गव्हर्नरचा बंगला, मग कोर्ट, मग हॉटेल, असा तिचा प्रवास, आणि लोक मात्र शेजारून बस पकडायला पळत असतात. मग रीगल सिनेमासमोर मॅजेस्टिक, तेही एकेकाळी बडं हॉटेल होतं, पुढे आमदार निवास झालं, खाली सहकारी भांडार. डाळ-तांदूळ घ्यायला येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे.

शेवटी ताज. १६ डिसेंबर १९०३ ला सुरू झाला, म्हणजे गेटवेच्या आधी एकवीस वर्षं. आराखड्याचं मुख्य काम रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं, पूर्ण केलं इंग्रज आर्किटेक्ट चेंबर्सने. आपल्या वैद्यांचं नाव कोणी घेत नाही, याचा मला खरंच राग येतो. आणि हो, आर्किटेक्टने इमारत उलटी बांधली म्हणून जीव दिला वगैरे जे सांगतात ना, ती थाप आहे, मुळात दर्शनी दार शहराच्या बाजूलाच ठेवलं होतं. शेजारचा उंच टॉवर १९७३ चा, त्या जागी आधी ग्रीन्स हॉटेल होतं, ते पाडलं.

सगळं मिळून रमतगमत एक-दीड तासात होतं. रविवारी सकाळी जा, ऑफिसची गर्दी नसते, वरच्या गॅलऱ्या आणि कमानी नीट बघता येतात. वेळ उरला तर बॅलार्ड इस्टेटकडेही एक चक्कर मारा, तिथलं ग्रँड हॉटेल मात्र ताजसारखं खर्चिक प्रकरण नाही.