अ‍ॅडेनॉइड काढलं की अ‍ॅलर्जी जाते का?

तुमची मुलगी पाच वर्षांची, सारख्या शिंका, नाक चोंदलेलं, रात्री तोंड उघडं टाकून घोरते, एक्सरेत अ‍ॅडेनॉइड वाढलेलं दिसलं, आणि तुम्ही विचारताय की अ‍ॅलर्जीचं मूळ तेच का, काढलं की सुटका का. मी डॉक्टर नाही, पण माझ्या मुलाचं सेम असंच होतं आणि मीही तेव्हा "काढा एकदाचं ते" म्हणत होतो. पण काढल्यावर नाक मोकळं होतं, अ‍ॅलर्जी राहते.

अ‍ॅडेनॉइड म्हणजे टाळूच्या वर, नाकाच्या पार मागे असलेला मऊ उंचवटा, आ करून बघितलं तरी दिसत नाही. श्वासातून आलेली धूळ, परागकण, जंतू सगळं यावरून जातं, वरच्या थरातल्या काही पेशी त्यातला नमुना उचलून आत देतात आणि आत टी पेशी, बी पेशी (शरीराच्या बचावाच्या पेशी) ठासून भरलेल्या. कशाशी लढायचं नि कशाकडे काणाडोळा करायचा हे शरीर लहानपणी इथेही शिकतं. अ‍ॅलर्जीवाल्या पोरांत हे शिकणंच चुकतं, साध्या धुळीला शत्रू समजून टी पेशी आयएल-४, आयएल-१३ असले निरोप सोडतात, मग बी पेशी आयजीई (अ‍ॅलर्जीची अँटीबॉडी) बनवतात, ते मास्ट पेशींना (हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या पेशी) चिकटून बसतं आणि पुढच्या वेळी तीच धूळ आली की हिस्टामिन हे शिंका आणणारं रसायन सुटून शिंकांची माळ. गंमत म्हणजे हे आयजीई अ‍ॅडेनॉइडमध्ये तिथल्या तिथे बनू शकतं, त्वचेवरची अ‍ॅलर्जीची टेस्ट निगेटिव्ह आलेल्या काही मुलांतही ते तिथे सापडलंय, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह म्हणजे विषय संपला असं नाही.

पण नाकाचं अख्खं अस्तरही हेच करत असतं ना, ते कुठे काढणार?

शिवाय अ‍ॅडेनॉइड साधारण सहा-सात वर्षांपर्यंत वाढतं नि वयात येईपर्यंत आपसूक आकसतं. डेन्मार्कमध्ये जवळपास १२ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या (२०१८), नऊ वर्षांच्या आत अ‍ॅडेनॉइड किंवा टॉन्सिल काढलेल्यांत पुढे श्वसनाचे आजार जास्त दिसले. काढल्यामुळेच झाले हे त्यातून सिद्ध होत नाही, पण घाई नको इतकं मला पटलं. झोपेत श्वास अडकत असेल किंवा कानात पाणी साठून ऐकू कमी येत असेल तर मात्र ऑपरेशन टाळत बसू नका.

आमच्याकडे स्टिरॉइडच्या नेझल स्प्रेने काम झालं. पहिल्या खेपेला मी दहा दिवसांत बंद केला, फरक नाही म्हणून, आणि नोझल मधल्या पडद्याकडे धरायचो त्यामुळे नाकातून रक्तही आलं. नोझल बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळवायचं, आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे रोज मारायचा. दुसऱ्या खेपेला दोन महिन्यांत घोरणं बरंच कमी झालं.

आणि हो, मुलगी झोपेत श्वास घेतानाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, आमचा निर्णय एक्सरेपेक्षा त्यावरच झाला.